रविवारचं कारलं

२ सप्टेंबर १९८७, जळगाव

प्रयोगाची वही वेगळी आहे. तिच्यात तापमान, मात्रा, आकडे एवढंच लिहायचं. काल जे पाहिलं ते तिच्यात मावणारं नाही, म्हणून ही डायरी काढली. जानेवारीत विमा एजंटाने दिली होती, आठ महिने कोरी पडून होती.

काल चोपड्याच्या वर सातपुड्यात तेंदूझिरी पाड्यावर गेलो होतो. जीप आरोग्य खात्याची, मी पाहुणा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरला कोण विचारतो, पण हिवतापाचा जंतू काचेच्या भांड्यात जिवंत ठेवायची विद्या मी पुण्याहून शिकून आलो आहे आणि इकडे ती दुसऱ्या कुणाला येत नाही. पाड्यात पावसाळ्यापासून आठ मुलं गेली होती. झिपरू नावाच्या माणसाच्या झोपडीत त्याची मुलगी रमली पडली होती. सात-आठ वर्षांची असेल. डोळे अर्धे उघडे, पण हाक मारली तरी नजर वळेना. मी तिच्या दंडातून रक्त काढलं तेव्हा झिपरूने तिचा हात धरून ठेवला होता. तसं धरायची गरज नव्हती, ती हललीच नाही.

"गोया लई कोनीच ऊनं नही, भाऊ," तो म्हणाला. "दोन बाजार व्हई गयात." दोन आठवडी बाजार, म्हणजे दोन आठवडे.

खात्याचा कर्मचारी मागे उभा होता. तो म्हणाला, दिल्या होत्या साहेब, हे लोक खात नाहीत, फेकतात.

रमलीला त्याच जीपमधून चोपड्याला आणलं. माझ्या मांडीवर बर्फाचा थर्मास, मागच्या बाकावर बापाच्या मांडीवर ती. दवाखान्यात खाटेवर ठेवल्यावर तासाभरात गेली. मी थर्मास घेऊन पुढे जळगावला आलो. बर्फ वितळायच्या आत पोचायचं होतं. हे खरं कारण आहे, तरी लिहिताना बरं वाटत नाही.

६ सप्टेंबर, रविवार

जंतू जगला. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींच्या आत छोट्या अंगठ्या दिसल्या आणि मला लहान मुलासारखा आनंद झाला. मग आठवलं की या अंगठ्या कुणाच्या रक्तातल्या.

याला हवा कमी लागते. जाड काचेच्या बरणीत बशा ठेवायच्या, मेणबत्ती पेटवायची, ज्योत मंद व्हायला लागली की झाकण घट्ट लावायचं. ज्योत विझते, उरलेली हवा याला मानवते. बरणी मग उबवणीच्या पेटीत, आपल्या अंगाएवढ्या उष्णतेला. बाहेर जळगावचं ऊन आणि पेटीला लाइटचा भरवसा नाही, म्हणून पेटीजवळ ओला पंचा आणि पाण्याचा माठ कायम. आणि खायला याला माणसाचं ताजं रक्त लागतं. रक्तपेढीच्या बाटलीत देणाऱ्याने काय काय औषधं खाल्ली असतील कोण जाणे. म्हणून माझं. ओ पॉझिटिव्ह, चहापलीकडे व्यसन नाही, औषधाचा कण नाही. दर सोमवारी सकाळी काढणार, आठवडाभर पुरवणार.

मूळ रक्तातलं थोडं गोठवूनही ठेवलं आहे. तेवढी थंडी जळगावात एकाच ठिकाणी मिळते, गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रात. तिथल्या नायट्रोजनच्या टाकीत जर्सी वळूंच्या नळ्यांशेजारी रमलीच्या दोन नळ्या आहेत. डॉक्टर ओळखीचे, हसले, पण जागा दिली.

नळ्यांवर नाव 'तें-१' असं घातलं आहे. तोंडात मात्र रमलीच बसलं. सकाळी पुष्पाला म्हणालो, रमली बरी आहे. ती गहू निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

१० सप्टेंबर

आरोग्य खात्याचे डॉ. देसले कॉलेजवर आले. पेपरात पाड्याची बातमी आली आहे आणि धुळ्याला चौकशी समिती बसणार आहे. देसले सरळ बोलणारे आहेत. म्हणाले, "बिऱ्हाडे सर, प्रश्न एकच आहे. आमचा माणूस म्हणतो क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या. पाडा म्हणतो आल्याच नाहीत. आता तुमच्याकडचा जंतू क्लोरोक्विनने मरत असेल, तर गोळ्या दिल्याच नव्हत्या असं होईल. मरत नसेल, तर गोळ्या देऊनही उपयोग नव्हता. मग दोष कुणाचाच नाही."

म्हणजे रमली धरून नऊ मुलांचा न्याय माझ्या बरणीत आहे. मी म्हणालो, जे दिसेल ते सांगेन. ते म्हणाले, तेच हवं आहे. आमच्या वस्तीतल्या पोराला अशा कामासाठी विचारतात याचा मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. माझे वडील याच कॉलेजच्या बांधकामावर विटा वाहत होते.

१७ सप्टेंबर

पहिली चाचणी वाया गेली. छोट्या खळग्यांच्या ताटलीत चढत्या मात्रेने औषध घालायचं, दोन खळग्यांत नुसतं रक्त. औषधाच्या खळग्यांतला जंतू अगदी थोड्या मात्रेलाच मेला. पण काल दुपारभर लाइट नव्हती, नुसत्या रक्ताच्या खळग्यांतही वाढ अर्धीच. जिथे निरोगी वाढ नाही तिथली मरणं मोजता येत नाहीत. नियम म्हणजे नियम. चाचणी रद्द केली.

२१ सप्टेंबर, सोमवार

बशीतलं रक्त ओढताना सुई माझ्याच अंगठ्यात गेली. स्पिरिटने धुतलं. होईल ते होईल. घरी सांगायला नको होतं, सांगितलं.

पुष्पाचे वडील हिवतापाने गेले, ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिने ताबडतोब गोळ्या आणा म्हणून धरलं. मी समजावलं, की माझं रक्त ही रमलीची भाकरी आहे, मी गोळी खाल्ली की भाकरीत विष. महिने महिने ते अंगात राहतं. रक्ताची जाणीव ठेव, म्हटलं.

"रगत तुम्हनं शे," ती म्हणाली, "पन मानूस मन्हा शे. मन्हा बाप असाच गया, पाटना कामवर. त्याले बी काही व्हत नव्हतं."

घरात आम्ही अहिराणीच बोलतो, पण भांडणात तिच्या शिरपूरच्या अहिराणीपुढे माझं चालत नाही. शेवटी मी आवाज चढवला. ती गप्प झाली. इतक्या लवकर गप्प बसत नाही ती, मला जरा जिंकल्यासारखं वाटलं.

२७ सप्टेंबर, रविवार

ताप नाही. जेवायला भरलं कारलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मी कारल्याला शिवत नाही हे तिला ठाऊक आहे. म्हणाली, कारल्याने रक्त सुधरतं, तुम्ही एवढं रक्त काढता. शेंगदाण्याचं कूट, काळा मसाला सगळं होतं, तरी इतकं कडू की डोळ्यांत पाणी आलं. समोर बसून दोन्ही कारली संपवून घेतली. परवाच्या भांडणाचा राग असेल, म्हणून निमूट खाल्लं. तिने स्वतः वांग्याची भाजी घेतली.

१३ ऑक्टोबर

रमलीचं काही कळत नाही. मंगळवार-बुधवारी एकदम खंगते, अंगठ्या शोधाव्या लागतात. शनिवारपर्यंत पुन्हा सावरते. पाणी बदललं, काचसामान नव्याने धुतलं, पेटीचा तापमापक बदलला. माझ्या हातात दोष असावा. पुण्यात सरांचा जंतू असा कधी रुसला नाही. वाटतं, ही मेली तर झिपरूला काय सांगू. मग वाटतं, झिपरूला सांगायचं कशाला, त्याची तर गेलीच आहे.

१ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा कारलं. रविवार आणि कारलं असं आता या घरात ठरूनच गेलं आहे. मी म्हणालो, बिया तरी काढत जा. ती म्हणाली, काढते. तळहातांना आणि पावलांना खाज सुटते आहे, दोन महिने स्पिरिटमध्ये हात असल्यामुळे. पावलांना का, ते कळत नाही.

रमली मात्र सुधारली. या आठवड्यात मंगळवारची पडझड जवळजवळ नाही. पुष्पाला सांगितलं तर म्हणाली, बरं झालं.

२४ नोव्हेंबर

तीनदा चाचणी केली. तिन्ही वेळा नुसत्या रक्ताच्या खळग्यांत झकास वाढ, म्हणजे नियम पाळला गेला. आणि औषधाच्या खळग्यांत, जिथे काही उरायला नको, तिथेही अंगठ्या. दुप्पट मात्रेला, चौपट मात्रेला. रमलीवर क्लोरोक्विनचा परिणाम होत नाही. खानदेशातला असा जंतू प्रथम मी पाहिला.

कर्मचारी खरं बोलत होता तर. मला तो माणूस आवडला नव्हता. आवडण्या-न आवडण्याला विज्ञानात जागा नाही, हेच बरं.

४ डिसेंबर

देसले परवा पेढे घेऊन आले. खात्याच्या मदतीने कॉलेजात हिवतापाची वेगळी प्रयोगशाळा होईल, असं त्यांनी प्राचार्यांसमोर बोलून टाकलं. आज झिपरू आला. चोपड्याहून एस. टी.ने, विचारत विचारत. त्याला कुणीतरी सांगितलं की जळगावच्या मास्तरने तुझ्या पोरीचं रक्त जपून ठेवलं आहे.

मी त्याला पेटी उघडून दाखवली. त्याने वाकून बरणीच्या काचेला डोळा लावला.

"मन्ही पोरनं रगत शे का तेमा?"

"नही रे भाऊ. आते मन्हं रगत शे. तिन्हा फक्त रोग शे."

"जेन्ही मन्ही पोरले मारं," तो हळू म्हणाला, "तेले तू तुन्हं रगत पाजस?"

याला उत्तर आहे. रोग जिवंत ठेवल्याशिवाय त्याचं औषध कळत नाही. मी त्याला खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. गोळ्या आल्या असत्या तरी रमली वाचली नसती, असंही सांगितलं. खरं म्हणजे त्याला तेवढाच दिलासा, असं मला वाटलं. तो म्हणाला, "खालना पाडाले गोया भेटन्यात. तठे कोनी मरं नही." मी म्हणालो, खालचा पाडा नाल्यापासून लांब आहे, तिथे डास कमी, गोळ्यांचा संबंध नाही. त्याने मान हलवली. मग म्हणाला, तू शिकलेला माणूस आहेस, म्हणतोस तर तसंच असेल.

त्याला चहा पाजला, स्टँडवर सोडलं.

६ डिसेंबर, रविवार

सकाळी विहारात. मेणबत्त्या लावताना पुष्पाने उरलेलं पुडकं माझ्या पिशवीत टाकलं, तुमच्या बरणीला होतील म्हणाली. घरी आल्यावर कारलं. आजच्या दिवशीही सुटका नाही.

१४ डिसेंबर, धुळे

साक्ष झाली. लांब टेबलामागे पाच साहेब. मी आकडे वाचले, ताटल्यांचे फोटो दाखवले. अध्यक्षांनी विचारलं, तुमची खात्री आहे का? म्हणालो, तीनदा केलं, आहे. मागच्या भिंतीशी पाड्यावरची पाच-सहा माणसं उभी होती, त्यांत झिपरू. अध्यक्षांनी त्यांना मराठीत सांगितलं की आता गोळ्यांचा प्रश्नच उरत नाही, प्राध्यापकांनी सिद्ध केलं आहे. बाहेर आल्यावर त्या कर्मचाऱ्याने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले, मला ते नको होतं.

परतीच्या एस. टी.त पारोळ्यापर्यंत झोप लागली. बऱ्याच दिवसांनी इतकी गाढ.

२४ जानेवारी १९८८, रविवार

पुष्पा बहिणीच्या लग्नासाठी शिरपूरला गेली, तीन आठवडे होत आले. हाताने खिचडी करतो. कारल्यापासून सुट्टी आणि तळहातांची खाजही गेली. रमलीची वाढ अशी की दोन बशांच्या सहा केल्या. मजेत आहे मी.

१४ फेब्रुवारी, रविवार



पुष्पा परत आली आहे. दुपारी ताट वाढलं, पुन्हा कारलं. मी थट्टेत म्हणालो, एवढी सुई टोचली, पाच महिने झाले, साधी कणकण आली नाही, माझं रक्तच जळगावच्या उन्हात तापलेलं.

ती हसली. लग्नाहून आल्यापासून खुशीत होती. म्हणाली, "ताप कसा यी? दर ऐतवारले दोन गोया देत व्हतू मी तुम्हले. कारलामा कुटीसन."

फळीवरचा हळदीचा डबा खाली काढून तिने आतलं पाकीट दाखवलं. क्लोरोक्विन. औषधाच्या दुकानदाराला विचारून, आठवड्याला दोन, बरोबर मात्रा. दुसऱ्या कशात कडूपणा लपला नसता. इतके दिवस सांगितलं नाही, पण आता तुमचं काम झालं, धुळ्याला नाव झालं, आता सांगायला काय हरकत. मी शाबासकी देईन असं तिला वाटलं होतं.

मी ताटावरून उठलो नाही. रविवारी गोळ्या, सोमवारी रक्त, मंगळवारी पडझड. सगळं एका क्षणात कळलं. रमलीच्या रक्तात बहुतेक जंतू गोळीने मरणारे असणार, चार-दोन चिवट. मी आठवड्यामागून आठवडे माझ्याच रक्तातून विष पाजून मरणारे मारले आणि चिवट तेवढे पोसले. खानदेशातला पहिला असा जंतू सातपुड्यात सापडला नाही, माझ्या घरात तयार झाला.

मी तिला कसंबसं हे सांगितलं. तिला अर्धंच कळलं. म्हणाली, "तुम्हनी रमली तर जित्तीच शे ना? मंग काय बिघडनं?"

१५ फेब्रुवारी

तिच्यावर ओरडलो नाही. ओरडायला तोंड कुठे आहे. रविवार आणि सोमवार मला दिसले नाहीत. जिभेवर कडू लागत होतं आणि मी मसाल्याला दोष देत होतो.

रेतन केंद्रात नळ्या आहेत. मूळ रक्त आहे. पण ते वाढवायला स्वच्छ रक्त हवं आणि माझ्या अंगात अजून कित्येक आठवडे गोळी राहणार. पुष्पाने ऐकलं, बाही वर केली. "मन्हं ल्या. मी येक बी गोयी खादी नही. कारलंच खात नही मी." तिचाही गट ओ.

१२ मार्च

मूळ जंतू पुष्पाच्या रक्तावर छान वाढला. आज चाचणी. अगदी पहिल्या, सगळ्यात थोड्या मात्रेला मेला. दुसऱ्या नळीचंही तेच. सप्टेंबरात जी चाचणी मी नियम म्हणून रद्द केली तिने हेच सांगितलं होतं.

म्हणजे दोन गोळ्या वेळेवर मिळत्या तर रमली जगती. गोळ्या आल्याच नव्हत्या. झिपरू खरं सांगत होता आणि मी त्याला खुर्चीवर बसवून खोटं समजावलं.

१६ मार्च

देसल्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. शांतपणे म्हणाले, "सर, समितीचं काम संपलं. आता तुम्ही म्हणणार बायकोने कारल्यात गोळ्या घातल्या. पेपरवाले तुमच्या मिसेसचं नाव छापतील, लोक हसतील, प्रयोगशाळेची मंजुरी जाईल. एप्रिलपर्यंत थांबा. मंजुरी येऊ द्या, मग शास्त्रीय भाषेत काय ती दुरुस्ती लिहा." मी विचारलं, पाड्यांवर औषधाचं काय? म्हणाले, तिकडच्या क्लोरोक्विनचा पुरवठा बंद करायची सूचना तुमच्याच निष्कर्षावरून गेली आहे, नवीन औषध पावसाळ्याच्या आत येईल.

मी एप्रिलपर्यंत थांबायचं कबूल केलं. पुष्पासाठी, असं स्वतःला सांगितलं.

३० एप्रिल

मंजुरी आली नाही. जूनमध्ये येईल म्हणतात. पेटीत पाऱ्याने चाळिशी गाठली, माठ संपला. पुष्पा रविवारी काय भाजी करू म्हणून विचारते, पूर्वी विचारत नव्हती.

१९ जून

प्रयोगशाळेच्या खोलीला रंग लागला. मी अजून बोललो नाही. पाऊस पडून गेला आहे.

११ ऑगस्ट

चोपड्याहून आलेल्या विद्यार्थ्याने सांगितलं, तेंदूझिरीला पुन्हा ताप. नवीन औषध पोचलेलं नाही आणि जुन्या गोळ्या बंद. पुष्पा स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी काही बोलायच्या आत तिने पिशवी काढली, दुकानातून गोळ्यांची पाकिटं आणली आणि म्हणाली, मी बी येस. आज बरणीत मेणबत्ती लावली नाही. बशांवर स्पिरिट ओतलं.

१३ ऑगस्ट, तेंदूझिरी

झिपरूचा धाकटा, पुना, तापाने फणफणला आहे. पाच वर्षांचा. शुद्धीवर आहे, तोंडाने खातो, म्हणजे अजून वेळ आहे. मी गोळ्या पुढे केल्या. झिपरूने हात मागे घेतला.

"त्या गोया नको. त्यासघाई काय बी व्हत नही, तूच सांगेल शे."

मी म्हणालो, चुकलं माझं. गोळ्या चालतात. रमलीलाही चालल्या असत्या. हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं गेलं कळत नाही. त्याची बायको भागाबाई चुलीपाशी होती, तिने लाकूड आत सारलं.

झिपरू उठून माझ्यासमोर आला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मंग धुळामा जाईसन सांग. तठे बठ्ठा साहेबस्नी तुन्हं ऐकं व्हतं. तठे सांगी ये, मंग मी पोऱ्याले गोयी दिसू." एकदा शिकलेल्या माणसाचं ऐकून बसलो, दुसऱ्यांदा कुणाच्या भरवशावर ऐकू, असं त्याचं म्हणणं. चूक नाही त्यात काही.

पुष्पा म्हणाली, तुम्ही जा, मी थांबते. निघताना ती भागाबाईशेजारी बसून करटुली चिरत होती. कारल्याच्याच जातीची ही भाजी, पावसाळ्यात इथे रानात वेलच्या वेल असतात. गोळ्यांची पिशवी तिच्या मांडीखाली होती, तीन दिवसांची मात्रा तिला येतानाच सांगून ठेवली होती. मी पाहिलं आणि वाट धरली.

१६ ऑगस्ट, धुळे

रविवार आणि काल स्वातंत्र्यदिन, कचेरी बंद. दोन दिवस स्टँडजवळच्या लॉजवर बसून. आज अध्यक्षांसमोर उभा राहून सगळं सांगितलं, पुष्पाचं आणि कारल्याचंही. लेखी दिलं. एका स्थानिक पेपरच्या माणसालाही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, कळल्याला पाच महिने झाले, आता आठवलं का? म्हणालो, आठवत होतं. देसले बाहेरच्या व्हरांड्यात होते, त्यांनी मान फिरवली. पाड्यांवर गोळ्या आजच पाठवतो असं अध्यक्ष म्हणाले. प्रयोगशाळेचं कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

१८ ऑगस्ट, तेंदूझिरी

पोचलो तेव्हा पुना अंगणात बसून कोंबडीला हुसकत होता. ताप नव्हता. पुष्पा दारात उभी होती, पाच दिवसांत वाळली आहे.

मी धुळ्याचं सांगायला तोंड उघडलं, पण झिपरूच पुढे आला. कितीतरी दिवसांनी तो हसत होता. पाड्यातली आणखी चार-पाच माणसं त्याच्यामागे जमली.

"देख भाऊ," तो म्हणाला, "बिनगोयीनाच उठी बसना पोऱ्या. तू पहिले सांगेल व्हतं तेच खरं. गोयानं काय काम नही."

मागच्या माणसांनी माना हलवल्या. त्यांतल्या दोघांच्या घरी अंथरुणावर पोरं होती.

पुष्पाने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं मी गप्प बसावं. पोर वाचलं, पुरे झालं. मलाही एक क्षणभर तेच वाटलं. पण ही तीच ताटली होती. एका खळग्यात कुणाच्या नकळत औषध पडलेलं, आणि सगळे म्हणणार औषधाविना वाढलं.

"त्याच्या भाजीत गोळ्या होत्या," मी म्हणालो. "तीन दिवस. करटुल्यात. हिने घातल्या."

झिपरूचं हसू गेलं. तो पुष्पाकडे वळला. तिने मांडीखालची नव्हे, आता पदराखालची पिशवी काढून त्याच्यासमोर धरली. त्याने आतली रिकामी पाकिटं पाहिली, भरलेली पाहिली. भागाबाईने तोंडावर लुगड्याचा पदर घेतला. मला वाटलं तो पिशवी फेकून देईल.

"रमली व्हती," तो म्हणाला, "तवय ही माय कोठे व्हती?"

पुष्पा खाली बसली आणि रडायला लागली. तेव्हा ती जळगावात होती, आणि कारलं अजून आमच्या घरात आलं नव्हतं.

झिपरूने पिशवी घेतली. मागच्या दोघांना हाताने खुणावलं आणि त्यांच्या झोपड्यांकडे निघाला. लहान मुलांना किती द्यायच्या ते त्याने वळून विचारलं, मी सांगितलं. त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि मग तिसऱ्यांदा पुष्पाला विचारलं.